बिशप नाही म्हणून मंडळी फुटते? तसं नाही हो

मा. संपादक,

सप्रेम जय ख्रिस्त.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की बाप्टिस्ट लोकांच्या मंडळ्या (म्हणजे गावोगावची चर्चं) सारख्या फुटतात, कारण त्यांच्यात वर कोणी बिशप नाही, कान धरणारं कोणी नाही, तेव्हा त्यांनी वेगळी चूल न मांडता मोठ्या चर्चमध्ये सामील व्हावं. राग नाही आला वाचून, कारण अर्धी गोष्ट खरी आहे, फुटतात आमच्या मंडळ्या, आमच्याच भागात एकीच्या तीन झाल्यात आणि तिन्ही ठिकाणी रविवारी एकीवरच संदेश असतो. पण कारण त्यांनी जे दिलंय ते मला पटलं नाही म्हणून हे पत्र, जरा लांबेल, कापायचं तर कापा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. आमच्या पद्धतीत गावची मंडळी स्वतःची मालक असते. पाळक कोण बोलवायचा, अर्पणाचे पैसे कुठे लावायचे, नवीन माणसाला सभासद करून घ्यायचं का, सगळं बाप्तिस्मा घेतलेल्या सभासदांची सभा ठरवते, एक माणूस एक मत. वरती असोसिएशन असते, कौन्सिल असते, पण ती सल्ला देते, हुकूम नाही देत. बाप्तिस्मा पण तान्ह्या बाळाला नाही, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करणाऱ्यालाच, आणि तोही पाण्यात पूर्ण बुडवून. 1609 च्या सुमारास इंग्लंडातून अ‍ॅमस्टरडॅमला पळून गेलेल्या मूठभर लोकांनी हे सुरू केलं (पूर्ण बुडवणं थोडं नंतर आलं), राजाने आणि त्याच्या बिशपांनी आमची भक्ती ठरवायची नाही हा त्यांचा हट्ट. म्हणजे बिशप नेमायचा राहून गेला असं नाही, तो नकोच म्हणून ठरवलेलं आहे.

आणि सामील व्हायचं म्हणाल तर ते पण होऊन गेलंय, तेही आपल्या नागपुरात. 29 नोव्हेंबर 1970 ला तिथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा सहा परंपरांचे लोक एकत्र आले, त्यात उत्तर भारतातल्या बाप्टिस्ट मंडळ्याही होत्या, आणि बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणीचा बाप्तिस्मा दोन्ही एकाच चर्चमध्ये चालतील असा तोडगा काढला. मला त्याचं कौतुकच आहे. तेलुगू भागातले आणि ईशान्येकडचे बाप्टिस्ट मात्र बाहेरच राहिले. पण बिशप आले की भांडणं संपतात असं असतं तर चर्चच्या जमिनींच्या एवढ्या केसेस कोर्टात कशा, बातम्या तर तुम्हीच छापता.

मी ज्या मंडळीत आहे ती चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोळसा खाणींच्या भागातली. आमचे जुने लोक खाणीत आणि रेल्वेत नोकरीला म्हणून आंध्र-तेलंगणाकडून आले, आता त्यांची नातवंडं घरात तेलुगू समजतात आणि बाहेर मराठी बोलतात, मग मराठी कुटुंबं आली, थोडे हिंदीवाले. दारात कोणी "वंदनालु" म्हणतं कोणी "जय ख्रिस्त", गाणी दोन भाषांत, संदेश मराठीत आणि आजीलोकांसाठी शेजारी बसून कोणीतरी कुजबुजत भाषांतर करतं. ऐकायला गोड वाटतं पण खरी मारामारी इथेच असते, म्हणजे तेलुगू गाणी तीन झाली आणि मराठी दोनच का, किंवा नाताळच्या जेवणात पुलिहोरा (तेलुगू पद्धतीचा चिंचेचा भात) कोणी ठरवला, यावरून लोक महिना महिना बोलत नाहीत. हसू नका, बायबलमध्ये पहिल्या मंडळीचं पहिलं मोठं भांडण जेवणावरूनच आहे, प्रेषितांची कृत्ये सहावा अध्याय काढून बघा, ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलतात अशी कुरकुर झाली. आणि प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, काय केलं, तर सगळ्यांना बोलावलं आणि तुमच्यातूनच सात माणसं निवडा म्हणाले, वाटप त्यांच्याकडे. आणि जी सात नावं आली ती बघा, सगळी ग्रीक वळणाची. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातात काम दिलं! आमच्याकडे याच्या बरोबर उलट होतं, जो तक्रार करतो त्याला आधी कमिटीतून काढतात.

मला जे सांगायचंय ते एवढंच की मंडळी एकत्र राहते ती दोन गोष्टींवर, सभासदांची सभा खरोखर भरते का आणि काम सगळ्यांच्या हातात आहे का. बाकी पाळक कितीही चांगला बोलू दे.

विल्यम केरीचं उदाहरण देते. आपल्याकडे तो माहीत आहे तो 1805 च्या मराठी व्याकरणामुळे आणि 1810 च्या कोशामुळे, पण तो बाप्टिस्ट मिशनरी होता, आधीचा चांभार, आणि 1800 च्या जानेवारीत बंगालात श्रीरामपूरला, तेव्हा तिथे डेन्मार्कची वसाहत होती, तो, त्याचे सोबती मिशनरी मार्शमन आणि वॉर्ड आणि बाकीची कुटुंबं एकाच घरात राहायला लागली. एक स्वयंपाक, एक तिजोरी. आठवडाभरातच त्यांनी घराचे नियम केले, वॉर्डच्या डायरीत ते आहेत. प्रवचन आणि प्रार्थना सगळ्यांनी पाळीपाळीने, घराचा कारभार एक महिना एकाकडे मग दुसऱ्याकडे, केरीकडे खजिना आणि औषधाची पेटी, एकाकडे पुस्तकं, खाजगी धंदा कोणी करायचा नाही. आणि शनिवारची संध्याकाळ राखून ठेवलेली, कशासाठी, तर आठवड्यात जे काही वाद झाले असतील ते मिटवायला. म्हणजे भांडण होणारच हे या मिशनरी लोकांनी पहिल्याच आठवड्यात गृहीत धरलं आणि त्याला वार ठरवून दिला! आपण मात्र भांडण म्हणजे सैतानाचं काम म्हणून त्यावर चादर टाकतो आणि ते चादरीखाली वाढत जातं. त्याच मंडळीत 1803 मध्ये ब्राह्मण कृष्णप्रसादचं लग्न सुतार कृष्ण पालच्या मुलीशी लागलं, तेव्हाच्या बंगालात. आजही आमच्याकडे स्थळं बघताना जुनी जात हळूच विचारतात ते सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही.

आता कोणी म्हणेल की श्रीरामपूरवाले पण शेवटी फुटलेच ना, तर हो, फुटले. त्यांना पाठवणाऱ्या विलायतेतल्या मिशनरी सोसायटीचं आणि त्यांचं इमारती-जागा कोणाच्या ताब्यात यावरून बिनसलं, नवीन आलेल्या तरुण मिशनऱ्यांचं जुन्यांशी जमेना आणि ते कलकत्त्याला वेगळे झाले, 1827 ला संबंध तुटले ते केरी गेल्यानंतर 1837 ला जुळले. प्रॉपर्टी आणि तरुण मुलं. दोनशे वर्षं झाली, आमच्याकडे पण हीच दोन कारणं.

प्रॉपर्टीचं सांगते. चर्चचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो, विश्वस्त बदलले की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. आता आपल्या दहा चर्चांत विचारा की तुमचा शेवटचा चेंज रिपोर्ट कधी मंजूर झाला, नऊ जण एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. जुने विश्वस्त वारले, नावं तशीच, मग एक दिवस दोन गट दोन वेगवेगळे रिपोर्ट घेऊन जातात आणि वकिलाची फी अर्पणाच्या पेटीतून जाते, म्हातारीने पदरातून सोडून टाकलेली दहाची नोट तिथे जाते. बिशप असता तरी हा कागद कोणीतरी वेळेवर भरावाच लागला असता ना? आम्ही एक केलंय, रविवारी उपासना संपली की अर्पण वेस्ट्रीत (चर्चच्या आतल्या खोलीत) दोन वेगळ्या घरातली माणसं मोजतात, दर आठवड्याला वेगळी, चिल्लर वेगळी नोटा वेगळ्या, रजिस्टरवर दोघांच्या सह्या आणि आकडा लगेच बाहेर बोर्डावर खडूने. पहिल्यांदा लोक म्हणाले आमच्यावर विश्वास नाही का. आता ज्या रविवारी आकडा लिहायचा राहतो त्या रविवारी फोन येतात.

तरुणांचं अवघड आहे. मुलं पुण्याला, हैदराबादला जातात, कोरोनापासून यूट्यूबवर मोठमोठ्या चर्चची उपासना बघायची सवय लागली, तिथले लाइट्स, बँड, इथे आमचं पेटी-तबला आणि करकरणारा माइक. पण त्यांना आम्ही दिलं काय होतं, खुर्च्या लावा, खुर्च्या उचला. ज्या पोराला कंपनीत लाखोंचं बजेट सांभाळायला देतात त्याला मंडळीत पंचवीस वर्षं "तरुण संघ" म्हणून बसवून ठेवायचं का? यंदा मे महिन्यात बाप्तिस्मे होते, आमचा बाप्तिस्म्याचा हौद व्यासपीठाच्या फळ्यांखाली आहे, आणि आमच्याकडचा मे तुम्हाला माहीत आहे, नळाला पाणी नाही, टँकर गल्लीत वळेना. पोरांनी कोपऱ्यापासून पाइप जोडला, पुरेना म्हणून उरलेलं बादल्यांनी ओतलं, रात्री अकरापर्यंत. त्यातली दोन पोरं अशी होती की त्यांचे बाप गेल्या निवडणुकीपासून एकमेकांना वंदनालु पण म्हणत नाहीत. सकाळी दोन्ही बाप आले, हौद बघितला, काही बोलले नाहीत, पण बाप्तिस्मा घेणाऱ्यांना पाण्यातून वर यायला हात द्यायला दोघेही पायरीशी उभे राहिले. मी काही चमत्कार वगैरे म्हणत नाही, पुढच्या सभेत ते परत भांडले. पण भांडले सभेत, व्हॉट्सअॅपवर ऑडिओ टाकून नाही.

व्हॉट्सअॅपबद्दल एवढंच की सकाळी सातला वचन आणि आमेन, आणि रात्री दहाला त्याच ग्रुपवर पाळकाची लायकी काढायची, हे बंद करायला ग्रुप "ओन्ली अ‍ॅडमिन" करून चालत नाही, मग दुसरा ग्रुप निघतो. बोलायची खरी जागा दिली की तिथली गर्दी आपोआप कमी होते.

बायकांचं मात्र मी जरा जोर देऊन लिहिणार आहे. कॉटेज प्रार्थना, म्हणजे घरोघरच्या प्रार्थनासभा, बायका चालवतात, आजाऱ्याला भेटायला बायका जातात, संडे स्कूल बायकांचं, स्वयंपाक तर आहेच. आणि सभासद सभा सुरू झाली की बायका चहा करायला आत. एक माणूस एक मत हे तत्त्व जर खरं असेल तर चहा सभेनंतर पण होऊ शकतो. आमच्याकडे महिला मंडळाने आता सांगून टाकलंय की सभा संपेपर्यंत गॅस पेटणार नाही, तेव्हापासून सभा लवकर संपते, हा एक फायदा वेगळाच.

आणि हंगामाचा सण! ज्यांनी पाहिला नाही त्यांनी एकदा यावं. शेतातलं पहिलं पीक, भाजी, अंडी, कोंबडी, केलेलं लोणचं, जे असेल ते वेदीपुढे आणतात आणि उपासनेनंतर लिलाव. वीस रुपयांचा कोहळा पाचशेला जातो. एकमेकांशी न बोलणारी दोन घरं एका कोहळ्यावर बोली चढवत बसतात, सगळी मंडळी टाळ्या वाजवते, शेवटी जो जिंकतो तो तो कोहळा परत दान करतो आणि पुन्हा लिलाव सुरू. एका कोहळ्यावर आम्ही छताचे पत्रे बदलले म्हटलं तर थोडीच अतिशयोक्ती होईल.

एकत्र राहायचं ते आपल्यापुरतं गाणी म्हणायला नाही हेही लिहायला हवं. आमचे जुने लोक आंध्रातल्या ओंगोलची गोष्ट सांगतात. 1876 ते 78 च्या दुष्काळात तिथले मिशनरी क्लाफ यांनी बकिंगहॅम कालव्याचं खोदकाम कंत्राटावर घेतलं, भुकेल्यांना मजुरी मिळावी म्हणून, आणि दुष्काळ चालू असेपर्यंत बाप्तिस्मे थांबवून ठेवले, लोक धान्यासाठी येतायत असं होऊ नये म्हणून. मग 3 जुलै 1878 ला एकाच दिवशी गुंडलकम्मा नदीत 2,222 जणांचे बाप्तिस्मे झाले. लोक तो आकडा सांगतात, मला कालवा जास्त आवडतो. तसंच नागालँडचं, तिथल्या बाप्टिस्ट मंडळ्यांनी 1964 मध्ये पुढाकार घेऊन शांती मिशन बसवलं, जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री चलिहा आणि रेव्हरंड मायकेल स्कॉट, आणि त्या सप्टेंबरात सरकार आणि भूमिगत नागा यांच्यात शस्त्रसंधी झाली. पुढे काय काय झालं तो वेगळा इतिहास आहे, पण वर एकही बिशप नसलेल्या मंडळ्यांनी दोन बंदुकांच्या मध्ये उभं राहून दाखवलं. आमचं आपलं छोटं आहे, सरकारी दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना महिन्यातून एकदा खिचडी, आणि त्यात मंडळीबाहेरचे शेजारी पण तांदूळ देतात.

तर त्या पत्रलेखक गृहस्थांना माझं आमंत्रण. महिन्याचा दुसरा रविवार, उपासना झाली की सभासद सभा असते. सभासद नसल्यामुळे मत देता येणार नाही, पण मागच्या बाकावर बसून ऐकायला कोणाची हरकत नसते. गाण्यांचा विषय परत निघणार आहे, तेव्हा जेवून या, चहा सगळं संपल्यावरच मिळेल.

आपली,
मंडळीची एक सभासद, जि. चंद्रपूर
(नाव छापू नये ही विनंती)