नीलेशला मशीनचं सेटिंग शिकू द्या

स्टुटगार्ट

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

नीलेशच्या कंपनीत रोबो बसवताहेत आणि कंत्राटी पोरं कमी करणार, या बातमीने तुम्हाला झोप लागत नाही, असं आई म्हणाली. फोनवर हा विषय काढला की तुम्ही रिसीव्हर तिच्याकडे देता, म्हणून लिहितेय.

आमच्या वर्कशॉपमध्ये लेथला जॉब, म्हणजे घडवायचा धातूचा तुकडा, लावणं-काढणं रोबोच करतो. २०२३ साली जर्मनीत कारखान्यांतल्या दर १०,००० कामगारांमागे ४२९ रोबो होते, जगाची सरासरी १६२. इथल्या अर्थतज्ज्ञांनी १९९४ ते २०१४ या काळाचा हिशेब मांडला. एका रोबोमागे कारखान्यातल्या साधारण दोन नोकऱ्या गेल्या, पण सेवाक्षेत्रात तेवढ्या वाढल्या. जे आधीपासून कामावर होते त्यांना फारसं घरी बसावं लागलं नाही, बरेच जण त्याच कंपनीत वेगळ्या कामाला लागले. फटका बसला तो नव्या पोरांना, कारण भरतीच आटली. बाबा, मला काळजी वाटते ती याचीच. कंत्राटी मुलाला काढावंही लागत नाही, पुढच्या महिन्यापासून बोलावत नाहीत, एवढंच.

आमच्याकडे तुमच्या वयाचे एक टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे कारागीर, आहेत. रोबोचा हात कुठून कसा फिरवायचा हे तेच पेंडंट, म्हणजे रोबो चालवायचा रिमोट, हातात धरून त्याला शिकवतात. परवा कटिंगचा आवाज जरा बदलला, तर स्क्रीनवर काही दिसायच्या आत त्यांनी मशीन थांबवलं. इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या पात्याची, कड उडाली होती. तुम्हीही असेच आवाजावरून ओळखायचात. असा माणूस कंपनी सोडत नाही.

इथे कायदाही पाठीशी आहे. नवं मशीन आणण्याआधी कामगारांनी निवडून दिलेल्या समितीला कळवावं लागतं, चर्चा करावी लागते. आपल्या जुन्या, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातलं कलम ९अ तुम्हाला युनियनमुळे पाठच असेल: कामगार कमी होतील अशी यंत्रसुधारणा करायची तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागे. २०२५ पासून त्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली, तिच्यातही ही नोटीस आहे. पण ठेकेदाराच्या हजेरीवरच्या पोराला ती नोटीस कोण देतो? युनियनने आता या पोरांना आत घ्यायला हवं. तुमच्या जुन्या सहकाऱ्यांशी हे जरूर बोला.

आणखी एक. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कितीतरी वर्कशॉपचं पोट डिझेल इंजिनाच्या सुट्या भागांवर चालतं. विजेच्या गाडीला इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा भाग, लागतच नाही, म्हणजे तिथे रोबो न येताही काम जाणार. म्हणून नीलेशने एकाच पार्टला चिकटून राहू नये.

नुसत्या लोडिंगच्या, म्हणजे मशीनला जॉब लावण्या-काढण्याच्या, कामात त्याची दोन वर्षं घालवू नका. सेटिंग, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचं) प्रोग्रॅमिंग, पीएलसी (मशीनचं काम नियंत्रित करणारा छोटा संगणक), मेंटेनन्स, यातलं जे हाती लागेल ते शिकू दे. चांगला वर्ग कुठे आहे ते आयटीआयतल्या सरांना विचारा. पगार बुडाला तरी चालेल, फी आणि घरखर्च मी पाठवते. तुमचा मायक्रोमीटर त्याला वापरायला द्या, आणि रविवारी त्याच्याजवळ बसून माप घ्यायला शिकवा.

आईला नमस्कार. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
स्मिता