सात नंबरपासून सुरुवात कर

सोलापूर,
9 डिसेंबर

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले आणि सोबतचे, तू पाहिलेल्या तीन सेटचे फोटोही मी नीट पाहिले. पुण्याला बदली झाल्यावर तू सकाळी गोल्फच्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, जाऊ लागलास, शिकवणाऱ्या सरांनी आता स्वतःचे आयर्न (लोखंडी पात्याचे क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या) घ्यायला सांगितले आणि त्यासाठी तू 20,000 रुपये बाजूला काढले आहेस, हे वाचून फार बरे वाटले. अकरा वर्षे पुण्यात नोकरी करताना या खेळाने मला लळा लावला. आता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या धंद्यात दिवस कसा जातो ते कळत नाही, तरीही शेतावर बांधलेल्या जाळीत आठवड्यातून दोनदा चेंडू मारल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून कोणते आयर्न घ्यावेत, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत उरकणे मला जमणार नाही.

माझे मत आधी सांगतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा, नामांकित कंपनीचा, कॅव्हिटी बॅक बनावटीचा (पाते मागून पोकळ असलेला) आणि रेग्युलर शाफ्टचा (मध्यम लवचीक दांड्याचा) वापरलेला सेट शोध. तोही पूर्ण मिळाला नाही तरी चालेल. घेण्यापूर्वी त्यातल्या सात नंबरने निदान पन्नास चेंडू मारून पाहा. आयर्नवर तुझे 11,000 ते 12,000 रुपयांपेक्षा जास्त जाऊ नयेत, कारण उरलेल्या पैशांची तुला अधिक गरज आहे.

पूर्ण सेट नसेल तर मैदानावर लोक काय म्हणतील, ही तुझी शंका मला समजते. पण ती मनातून काढून टाक. नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त 14 क्लब ठेवता येतात. ही वरची मर्यादा आहे, किमान किती असावेत याचे काही बंधन नाही, आणि अमेरिकेत ही मर्यादासुद्धा 1938 साली आली. त्याआधी 1916 साली चिक इव्हान्स या हौशी खेळाडूने अवघे सात क्लब घेऊन यू.एस. ओपन ही स्पर्धा जिंकली होती आणि चार फेऱ्यांत मिळून 286 फटके घेतले होते. पाच, सात, नऊ, पिचिंग वेज आणि सँड वेज (हे दोन जवळच्या, उंच फटक्यांसाठी) एवढ्यांवर तुझे पहिले वर्ष सहज निघेल. तीन आणि चार नंबरच्या वाटेला तर तू जाऊच नकोस. त्यांचा लॉफ्ट, म्हणजे पात्याचा मागे कललेला कोन, इतका कमी असतो की सावकाश स्विंग असणाऱ्याचा चेंडू हवेत उचललाच जात नाही. त्या अंतरासाठी पुढे एखादा हायब्रिड, म्हणजे जाडसर डोक्याचा, चेंडू सहज उचलणारा क्लब, घेता येईल.

आता तुझ्या दुसऱ्या फोटोतल्या त्या चकचकीत, पातळ पात्याच्या सेटकडे येतो, कारण तुझे मन तिथेच गुंतलेले दिसते. मिलिंद, तो सेट घेऊ नकोस. त्याला ब्लेड म्हणतात, आणि माझा पहिला सेट नेमका तसाच होता. एका विक्रेत्याने व्यावसायिक खेळाडू हेच वापरतात असे सांगून तो माझ्या गळ्यात मारला. शाफ्टही स्टिफ होते, म्हणजे ज्यांचा स्विंग वेगवान आहे त्यांच्यासाठी केलेले. ब्लेडमध्ये लोखंडाचा बराचसा भार मधोमध एकवटलेला असतो. चेंडू अगदी त्या जागी बसला तर फटका लोण्यातून सुरी जावी तसा जातो. अर्धा इंच जरी टोकाकडे लागला तरी पाते हातात फिरते, चेंडू भलतीकडे जातो आणि कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. थंडीत मी तीन महिने तसाच मारत राहिलो. शेवटी उजव्या मनगटाला सूज आली, डॉक्टरांनी सहा आठवडे क्लबला हात लावू दिला नाही आणि तो सेट मला निम्म्या किमतीत काढून टाकावा लागला. नवशिक्याला हे कोणीतरी आधी सांगायला हवे असते. मला ते कोणी सांगितले नाही, म्हणून तुला इतक्या कळकळीने लिहितो आहे.

कॅव्हिटी बॅकमध्ये पात्याच्या पाठीमागचा भाग पोकळ ठेवून तिथले लोखंड कडांना आणि तळाला नेलेले असते. कावड डोळ्यांसमोर आण. दांडीच्या दोन्ही टोकांना भरलेल्या घागरी असल्या की कोणाचा धक्का लागला तरी कावड चटकन फिरत नाही. तेच वजन मधोमध बांधले तर बोटानेही फिरेल. पात्याचेही तसेच असते. भार दोन्ही कडांना असल्यामुळे चेंडू टोकाला लागला तरी पाते कमी वळते, म्हणून चुकलेला फटकाही बऱ्यापैकी सरळ जातो. ही कल्पना रुजवणारे कार्स्टन सोल्हाइम मूळचे नॉर्वेचे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये अभियंता असताना 1959 साली घराच्या गॅरेजमध्ये त्यांनी पहिला पटर (चेंडू जमिनीवरून भोकाकडे ढकलायचा क्लब) बनवला आणि त्यातूनच पिंग ही कंपनी उभी राहिली. त्यांचे आय-टू आयर्न 1982 साली बाजारात आले, आणि त्या घडणीचे क्लब आजही लोक आनंदाने वापरतात. एवढ्या काळात मूळ तत्त्व बदललेले नाही. म्हणूनच यंदाच्या मॉडेलसाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजणे मला पटत नाही. पिंग, कॅलवे, टेलरमेड, मिझुनो, क्लीव्हलँड यांपैकी कोणाचाही जुना कॅव्हिटी बॅक घेतलास तरी तुझ्या खेळाला पुढची पाच वर्षे तो कमी पडणार नाही. नवाच घ्यायचा असा हट्ट असेल, तर डेकॅथलॉनचे इनेसिसचे साधे आयर्न एकदा हातात धरून पाहा. पण पहिल्या फोटोतला कोणा अनोळखी नावाचा बारा नगांचा खोका घेऊ नकोस.

सेटच्या एका फसव्या बाबीकडे तुझे लक्ष वेधतो. पात्यावर सात हा आकडा असला म्हणजे सगळे सात नंबर सारखे असतात असे नाही. जुन्या सेटमध्ये सात नंबरचा लॉफ्ट 35 अंशांच्या आसपास असे. हल्लीच्या कित्येक सेटमध्ये तो 30 किंवा त्याहूनही कमी असतो. त्यामुळे नव्या सेटच्या सात नंबरने चेंडू लांब जातो आणि घेणारा हरखून जातो, पण खरे पाहता त्याच्या हातात जवळजवळ जुना सहा नंबरच असतो. याचा फटका शेवटी बसतो. अशा सेटचा पिचिंग वेज 43-44 अंशांचा असतो आणि सँड वेज 56 चा, म्हणजे मधले बारा-तेरा अंश रिकामे राहतात, आणि ती पोकळी भरण्यासाठी आणखी एक गॅप वेज विकत घ्यावा लागतो. जुन्या सेटचा पिचिंग वेज 48 च्या जवळपास असल्यामुळे तो खर्च वाचतो. तुझ्या तिसऱ्या फोटोतल्या सेटविषयी विक्रेत्याला एवढेच विचार, की पिचिंग वेज किती अंशांचा आहे.

शाफ्टबद्दल फार लिहीत नाही. तू चव्वेचाळिशीचा आहेस, अंगकाठी मध्यम आहे, तेव्हा स्टीलचा रेग्युलर शाफ्ट तुला योग्य. ग्रॅफाइट हलका असतो आणि सांध्यांना सोसवतो, पण वापरलेला ग्रॅफाइट घेताना बारीक तडा गेला आहे का हे ओळखायला सरावलेली नजर लागते.

पाहणी कशी करायची ते मात्र सविस्तर सांगतो. मी पाठवलेल्या टॉवेलांपैकी एक छोटा नॅपकिन अर्धा ओला करून बरोबर ने. विक्रेते पात्यावर माती तशीच ठेवतात, आणि माती पुसल्याशिवाय खाचांची झीज दिसत नाही. पाते स्वच्छ पुसून खाचेवरून आडवे नख फिरव. नख अडखळले पाहिजे. नऊ नंबर आणि वेज सर्वांत जास्त वापरले जातात, त्यामुळे झीज आधी तिथे पाहायची. मग एका हाताने पाते आणि दुसऱ्या हाताने शाफ्ट धरून हलका पीळ देऊन पाहा. कटकट आवाज आला किंवा पाते किंचितही हलले, तर आतला डिंक सुटलेला आहे असे समज. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत पडून राहिलेल्या क्लबचे असे होते, आणि आपल्याकडे 42 अंशांच्या उन्हात डिकी कशी तापते हे तुला ठाऊक आहेच. त्याच उष्णतेने ग्रिपचे, म्हणजे मुठीचे, रबर कडक आणि गुळगुळीत होते. पण ग्रिप बदलता येतात, म्हणून केवळ ग्रिप खराब आहेत एवढ्यावरून चांगला सेट सोडू नकोस, तेवढे पैसे किमतीतून कमी करून घे. शेवटी सगळे क्लब भिंतीला ओळीने टेकवून ठेव. लांबी एकेका नंबरला साधारण अर्ध्या इंचाने वाढत गेली पाहिजे, आणि अक्षरांची घडण व रंग सगळ्यांवर एकसारखे असले पाहिजेत. एखादा क्लब ओळीतून वेगळा दिसला, तर तो दुसऱ्या सेटमधला किंवा नकली असण्याचा संभव असतो.

यानंतर तो तुझ्या अंगाला बसतो का, हा प्रश्न उरतो. सपाट तळाचे बूट घालून सरळ उभा राहा, हात सैल सोड आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर वहिनींकडून मोजून घे. ते 34 ते 37 इंचांच्या दरम्यान असेल तर नेहमीच्या लांबीचा सेट तुला चालतो. मग रेंजवर पांढऱ्या फळ्याच्या मार्करने चेंडूवर एक जाड उभी रेघ काढ, ती रेघ पात्यासमोर येईल असा चेंडू ठेव आणि सात नंबरने मार. रेघेचा ठसा पात्यावर उमटतो. तो उभा आला तर उत्तम. ठशाचा वरचा भाग पात्याच्या टोकाकडे झुकला तर क्लब तुला जास्त उभा पडतो आणि चेंडू डावीकडे जाईल; मानेकडे, म्हणजे पाते शाफ्टला जोडते त्या बाजूला, झुकला तर जास्त आडवा पडतो आणि चेंडू उजवीकडे जाईल. एक-दोन अंशांचा फरक फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेल्या, लोखंडात वाकवून दुरुस्त करता येतो, पण ओतीव कठीण स्टीलमध्ये ते काम अवघड असते, म्हणून ही परीक्षा पैसे देण्यापूर्वीच करायची. ठसा पात्यावर नेमका कुठे उमटतो तेही पाहत जा. मला स्वतःला तीन वर्षे वाटत होते की माझा फटका मधोमध बसतो. मार्करने दाखवले की तो सतत मानेकडे बसत होता.

उरलेल्या 8,000 रुपयांतून सरांकडे आणखी काही तास शिक, एक वापरलेला पटर घे आणि बाकीचे रेंजच्या चेंडूंसाठी ठेव. शिकवणीचे पैसे वाचवून महागडा सेट घेणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांच्यातले बहुतेक जण वर्षभरात खेळ सोडून गेले. तुझ्या बाबतीत तसे होऊ नये.

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी तू येणारच आहेस, तेव्हा दोन दिवस जास्तीचे काढ. माझ्याकडे जुना कॅव्हिटी बॅक सात नंबर जादा आहे. तो पुसून, नवी ग्रिप बसवून ठेवला आहे. शेतातली काळी जमीन थंडीतही दगडासारखी कडक असते, म्हणून मी तिथे जाड चटई अंथरली आहे. तिच्यावरून मारलेस तर मनगटाला त्रास होणार नाही. तोवर विक्रेत्याला हो म्हणू नकोस. मनगटाचे माप आणि त्या तिसऱ्या सेटच्या तळाचे, पाठीचे व मानेचे जवळून काढलेले फोटो मला पाठव.

वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद. आईने शेंगाचटणी बांधून ठेवली आहे, ती नेण्यासाठी रिकामा डबा घेऊन ये.

तुझा,
अनंत