चिठ्ठीला उत्तर कोण देणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

काल आपल्या पानावर फॅमिली डॉक्टरांना उपदेशाचे जे डोस पाजले गेले, ते वाचून हे लिहिते आहे. डॉक्टरांनी पेशंटच्या मनातही डोकवावं, संवाद वाढवावा, मानसिक आजारांचं प्रशिक्षण घ्यावं, वगैरे. लेखक स्वतः मोठे मानसोपचारतज्ज्ञ आहेत आणि त्यांच्या ज्ञानाबद्दल मला आदरच आहे. फक्त तज्ज्ञांनी काय करावं, याबद्दल एवढ्या लांबलचक लेखात एक ओळ सापडली नाही. जागा पुरली नसावी.

माझ्या धाकट्या भावाचं सांगते. त्याचं पोट सारखं बिघडायचं, पाठ दुखायची, पहाटे जाग आली की पुन्हा डोळा लागायचा नाही. सोनोग्राफी झाली, एन्डोस्कोपी झाली, सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की घरातले सुटकेचा निःश्वास टाकायचे आणि तो आणखी गप्प व्हायचा. नेमकं काय चाललंय ते ओळखलं आमच्या फॅमिली डॉक्टरांनी. आधी त्यांनी थायरॉइड आणि बी-१२ तपासून घेतलं, कारण त्यात बिघाड असला तरी माणूस असाच मलूल होतो. मग दवाखान्यातली गर्दी ओसरल्यावर त्याला बोलावून घेतलं आणि पीएचक्यू-९ हा नैराश्य ओळखण्यासाठीचा नऊ प्रश्नांचा कागद पुढे ठेवला. यात नवं काही नाही, २००१ पासून जगभर वापरतात. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. त्याचं उत्तर ऐकल्यावर डॉक्टरांनी त्याच्याशी बराच वेळ बोलून, मला फोन करून बोलावलं आणि तिथेच बसून मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी लिहिली.

चिठ्ठी कसली, चांगली पानभर हकिगतच होती. लक्षणं कधीपासून, नऊ प्रश्नांचे गुण किती, तपासण्या कोणत्या झाल्या, रक्तदाबाची गोळी कोणती चालू आहे, घराण्यात आधी कोणाला असा त्रास होता का. ती घेऊन आम्ही गेलो. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी पाकीट फोडलं नाही. पेपरवेटखाली सरकवलं, भावाला पहिल्यापासून सगळं विचारायला सुरुवात केली, निम्म्यातच गोळी लिहिली आणि ‘महिन्याने या’ म्हणाले. आमच्या डॉक्टरांना ना पत्र, ना फोन. आपण पाठवलेल्या पेशंटला काय झालंय आणि काय दिलंय, हे त्यांना कळलं ते भावाच्या खिशातल्या गोळ्यांच्या पाकिटावरून!

पहिल्या काही दिवसांत भावाला मळमळू लागलं, जीव घाबरा व्हायला लागला. रात्री तो कोणाकडे जाणार? अर्थात आमच्याच डॉक्टरांकडे. त्यांनी तिकडे फोन लावला, तर ‘सर बिझी आहेत’. शेवटी यांनीच समजावलं की हा त्रास सुरुवातीला होतो, बहुतेकांचा थोड्या दिवसांत ओसरतो, गोळीचा गुण यायला काही आठवडे जातात आणि बरं वाटलं तरी पुढे निदान सहा महिने ती मनाने बंद करायची नाही. लिहून देणाऱ्याने हे सांगायला कितीसा वेळ लागला असता? आज भाऊ बरा आहे, कामावर जातो. उपचार ‘तिकडचे’ म्हणून नोंदले गेले असणार.

आता प्रशिक्षणाबद्दल. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९८३-८४ मध्ये फॅमिली डॉक्टरांना नैराश्याविषयी नीट शिकवलं गेलं. त्यानंतर आत्महत्या घटल्या, शामक गोळ्या लिहून देण्याचं प्रमाणही उतरलं. मग कार्यक्रम संपला, शिकलेल्यांपैकी बरेच डॉक्टर बेट सोडून गेले आणि काही वर्षांत पुन्हा येरे माझ्या मागल्या. (बेट लहान, आकडे लहान, त्यावर आक्षेप आहेत, हे मला माहीत आहे. त्यासाठी कोणी उलट पत्र पाठवू नये.) शिबिर घेतलं, प्रमाणपत्रं वाटली, फोटो काढला, एवढ्यावर भागत नाही.

भागतं कशाने, तेही करून बघितलेलं आहे. अमेरिकेतल्या ‘इम्पॅक्ट’ अभ्यासात साठी ओलांडलेले, नैराश्याचे १८०१ रुग्ण होते. निष्कर्ष २००२ मध्ये छापून आले. गोळ्या त्यांचे नेहमीचे डॉक्टरच लिहीत. त्यांच्या जोडीला एक प्रशिक्षित नर्स किंवा मानसशास्त्रज्ञ, ज्यांचं काम पेशंटला फोन करून कसं वाटतंय ते विचारत राहणं. आणि पाठीशी एक मानसोपचारतज्ज्ञ, जो ज्यांना उतार पडत नाही त्यांच्याबद्दल नियमितपणे सल्ला देई. वर्षभराने ४५ टक्के लोकांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण १९ टक्केच होतं. म्हणजे पाठवलेल्या चिठ्ठीला उत्तर मिळतं आणि केलेला फोन उचलला जातो, एवढी सोय झाली तरी फॅमिली डॉक्टर पुष्कळ काही निभावून नेतात.

वेळेचं तर बोलायलाच नको. ६७ देशांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ज्या १८ देशांत जगातली जवळपास निम्मी माणसं राहतात, तिथे डॉक्टर पेशंटला सरासरी पाच मिनिटं किंवा त्याहूनही कमी देतात. एवढ्यात ‘संवाद वाढवावा’ म्हणे! अर्धा तास ऐकून घेणाऱ्या डॉक्टरला त्या अर्ध्या तासाचे वेगळे पैसे कोणी देतं का? बाहेर ताटकळणारे पेशंट मात्र शिव्या देतात, त्या फुकट.

आपल्या लेखकमहाशयांना एवढंच विचारायचं आहे की फॅमिली डॉक्टरांकडून त्यांच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांपैकी कितींना ते लेखी उत्तर पाठवतात? हे त्यांनी पुढच्या लेखात सांगावं. मी अंक जपून ठेवीन.

आपली,
एक जुनी वाचक

ता. क. : मानसिक आजारावर काहीही छापायचं झालं की आपण गुडघ्यात डोकं खुपसून अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेल्या माणसाचं तेच चित्र टाकता. माझा भाऊ त्या सगळ्या काळात रोज दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून कामावर जात होता आणि डब्याच्या वेळी विनोद सांगत होता. ते चित्र बघून त्याला किंवा आम्हाला काय ओळखू येणार होतं? आणि मदतीसाठी फोन करायचा क्रमांक त्या चित्राखाली इतक्या बारीक अक्षरांत असतो की मला भिंग घ्यावं लागलं. शेजारची सोफासेटची जाहिरात तेवढी चष्म्याशिवाय वाचता आली.