‘नाही’ म्हणणाऱ्या नियामकाच्या बाजूने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. विमानतळांवरचे सामानाचे ढीग आणि माणसांचे हाल सगळ्यांनीच पाहिले. तेव्हापासून वाचकपत्रांत आणि गप्पांतही एक सूर सारखा कानावर पडतो: वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम अतिरेकी होते, डीजीसीएने, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाने, त्यात सूट दिली हे बरेच झाले. प्रवाशांचा त्रास खरा होता, त्याबद्दल दुमत नाही. पण दोष नियमाच्या माथी मारणे मला अजिबात पटत नाही. त्याचे कारण सांगण्यासाठी जरा लांबचे उदाहरण घेतो. माझी सारी नोकरी लहान विमानांच्या देखभालीत गेली, बरीचशी जुहूला. ब्रिटनच्या सागरपार प्रदेशांतला विमान कायदा हा तेव्हापासून माझ्या अभ्यासाचा विषय आहे. तिथे धावपट्ट्या आखूड, विमाने छोटी, माणसे मोजकी. त्यामुळे सुरक्षेचा नियम कशासाठी असतो ते तिथे अगदी उघड दिसते.

बर्म्युडा, केमन बेटे, फॉकलंड, मॉन्टसेराट, सेंट हेलेना असे 14 प्रदेश आजही ब्रिटनकडे आहेत. नागरी विमान वाहतुकीच्या 1944 च्या आंतरराष्ट्रीय शिकागो करारावर सही ब्रिटनची आहे, म्हणून या प्रदेशांतल्या विमानसुरक्षेबद्दल जगाला उत्तर देण्याची जबाबदारीही ब्रिटनचीच. मात्र लंडनचे नियम तिथे जसेच्या तसे चालत नाहीत. त्यांच्यासाठी एअर नेव्हिगेशन ओव्हरसीज टेरिटरीज ऑर्डर हा स्वतंत्र हुकूम आहे आणि त्याखाली ‘ओटार’ नावाची तपशीलवार नियमावली. वैमानिकाचा परवाना, देखभाल करणाऱ्या अभियंत्याचा परवाना, विमानाची उड्डाणयोग्यता, विमानतळाचे प्रमाणपत्र, सगळे त्यात येते. कागदावर अधिकार त्या त्या प्रदेशाच्या गव्हर्नरचा. पण चार-पाच हजार वस्तीच्या बेटाला स्वतःचे विमान निरीक्षक कुठून परवडणार? म्हणून सीएए या ब्रिटनच्या विमान नियामकाच्या छत्राखाली 2003 मध्ये एअर सेफ्टी सपोर्ट इंटरनॅशनल, म्हणजे एएसएसआय, ही संस्था उभी राहिली. सेंट हेलेना आणि मॉन्टसेराटसारख्या ठिकाणी नियामकाचे काम तीच करते. बर्म्युडा आणि केमन यांची आपापली प्राधिकरणे आहेत.

थकव्याबद्दल या कायद्याची भूमिका मला फार मोलाची वाटते. कर्मचारी थकणार नाहीत असे वेळापत्रक आखणे हे कंपनीचे काम. आणि विमान धोक्यात येईल इतके आपण थकलो आहोत, असे ज्याला माहीत आहे किंवा नुसती शंका जरी आहे, त्याने उड्डाणावर जायचे नाही, हे त्या कर्मचाऱ्याचे काम. दोघांवर वेगवेगळी जबाबदारी आहे. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटायची सोय ठेवलेली नाही.

आता सेंट हेलेना. नेपोलियनला जिथे डांबले आणि 1821 मध्ये जिथे तो वारला ते बेट. आफ्रिकेचा किनारा तिथून दोन हजार किलोमीटरच्या घरात. विमानतळ होण्यापूर्वी बाहेरच्या जगाशी संबंध एका जहाजापुरता. ब्रिटनने सुमारे 28.5 कोटी पौंड खर्चून इथे विमानतळ बांधला, त्यासाठी एक अख्खी घळ भरून काढली. एप्रिल 2016 मध्ये एक बोईंग 737 चाचणीसाठी आले आणि उत्तरेकडून उतरताना त्याला वाऱ्याच्या अचानक पालटाशी झुंजावे लागले. कड्याच्या धारेवर काही अंतरातच वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलत होती. मे महिन्यात एएसएसआयने विमानतळाला प्रमाणपत्र दिले, पण मोठ्या विमानांची नियमित सेवा सुरू झाली नाही. ब्रिटिश वृत्तपत्रांनी ‘जगातला सर्वांत निरुपयोगी विमानतळ’ असे नाव पाडले आणि ते जगभर फिरले.

हा वारा काही नवा नव्हता. 1836 मध्ये चार्ल्स डार्विन या बेटावर उतरला होता. सुमारे हजार फूट उंचीच्या कड्याच्या टोकाशी तो उभा होता, तिथे हवा अगदी शांत होती, आणि अवघ्या काही यार्डांवर समुद्रपक्षी जोरदार वाऱ्याशी झगडत होते. ही नोंद त्यानेच करून ठेवली आहे. धावपट्टीची जागा ठरवताना, पैसे मंजूर करताना या वाऱ्याचा पुरेसा विचार झाला नाही, आणि ब्रिटिश संसदेच्या समितीने त्याबद्दल कठोर शब्दांत सुनावले ते योग्यच होते. पण चूक नियोजनाची होती. ज्यांनी ‘अजून नाही’ म्हटले त्यांची नव्हती. इतका पैसा ओतलेला, वरून टीकेचा भडिमार, बेटावरचे लोक रुग्ण हलवता यावेत म्हणून विमानाची वाट पाहत बसलेले. अशा वेळी डोळेझाक करून परवानगी देणे किती सोपे होते! तसे झाले नाही.

मग त्यांनी काय केले? ब्राझीलमध्ये बनलेले लहान एम्ब्रेअर 190 विमान निवडले. उत्तरेकडच्या त्रासदायक बाजूऐवजी दक्षिणेकडून, म्हणजे शेपटीवर वारा घेऊन, उतरायचे ठरवले. पाठीमागून वारा आला की विमान थांबायला जास्त धावपट्टी लागते, म्हणून वजन कमी केले: सुमारे शंभर आसनांच्या विमानात 76 प्रवासी. शिवाय उतरणे जमले नाही तर आफ्रिकेपर्यंत परत जाण्याइतके इंधन, आणि या विमानतळासाठी खास प्रशिक्षण घेतलेले वैमानिक. कंपनी दक्षिण आफ्रिकेची, त्यामुळे तिथल्या नियामकाचीही संमती लागली. पहिले नियमित विमान 14 ऑक्टोबर 2017 रोजी उतरले. ठरल्यापेक्षा साधारण दीड वर्ष उशीर झाला. सेवा आजही सुरू आहे. रिकाम्या ठेवलेल्या त्या खुर्च्यांचे पैसे कुणी तरी सोसले, आणि मला वाटते सुरक्षेचा हिशेब नेमका तिथे द्यावा लागतो.

शेपटीवरचा वारा म्हटले की आपल्याला कोळिकोडचा विमान अपघात आठवायला हवा. 7 ऑगस्ट 2020, डोंगरमाथ्यावरची धावपट्टी, धो धो पाऊस आणि पाठीमागून वारा. 21 जीव गेले. उतरताना ठरलेली पद्धत पाळली गेली नाही असे चौकशी अहवाल म्हणतो, पण तो तिथेच थांबत नाही. कंपनीने त्या तळावर पुरेसे कॅप्टन ठेवले नव्हते आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण याच वैमानिकाकडे होते, हेही त्यात आहे. विमान दुसरीकडे वळवले तर उद्याचे वेळापत्रक कोलमडेल, ही चिंता कॉकपिटमध्ये शिरते ती अशी. कर्मचाऱ्यांची संख्या आणि विश्रांती हा मनुष्यबळ विभागाचा कागदी विषय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी तो अहवाल जरूर वाचावा.

दुसरे उदाहरण मॉन्टसेराटचे. हे मला व्यक्तिशः जास्त लागते, कारण ते माझ्या कामातले आहे. ज्वालामुखीने या बेटाची राजधानी आणि जुना विमानतळ गिळला. 2005 मध्ये उत्तरेला टेकडीवर नवी धावपट्टी झाली, जेमतेम 600 मीटरची. तिथे आयलँडरसारखी दोन इंजिनांची लहान विमानेच जातात. 7 ऑक्टोबर 2012 रोजी असे एक विमान शेजारच्या अँटिग्वाहून मॉन्टसेराटला निघाले आणि उड्डाण घेताच उजवे इंजिन बंद पडून कोसळले. चारपैकी तिघे गेले, त्यांत वैमानिकही. इंधनात पाणी गेले होते. आधी मुसळधार पाऊस झालेला होता.

इंधनातले पाणी तपासण्याचे काम आम्ही जुहूला रोज सकाळी करत असू. टाकीच्या तळाचा छोटा व्हॉल्व्ह दाबायचा, थोडे इंधन काचेच्या बरणीत घ्यायचे, बरणी उजेडासमोर धरायची. विमानाचे पेट्रोल फिकट निळे असते. पाणी जड, ते तळाशी जाते आणि बरणी तिरकी केली की मण्यासारखे घरंगळते. तो मणी दिसला तर पुन्हा काढायचे, पुन्हा बघायचे, निव्वळ निळे येईपर्यंत. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाची रबरी कडा बोटाने चाचपायची, चिरली असेल तर विमान सोडायचे नाही. बाहेर शिकाऊ वैमानिक घड्याळाकडे बघत उभे, हँगरच्या पत्र्यावर पाऊस, आणि वरिष्ठांची हाक, “अरे, झाले का?” सगळे काम दोन-तीन मिनिटांचे, तरी रोज कुणाला ना कुणाला ते टाळावेसे वाटे. ते टळू नये म्हणूनच सहीचा रकाना असतो आणि ती सही करणाऱ्याचा परवाना पणाला लागलेला असतो. मी किती तरी तरुण मुलांना हे ओरडून शिकवले आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

बर्म्युडाची गोष्ट वेगळ्या जातीची. तिथे विमान नोंदवले की कंपनी कुठलीही असो, उड्डाणयोग्यतेची जबाबदारी बर्म्युडाच्या प्राधिकरणाची. रशियन कंपन्यांनी भाड्याने घेतलेली 700 हून अधिक प्रवासी विमाने तिथे नोंदलेली होती. शिकागो कराराच्या 83 बिस या कलमाखाली दोन देशांनी जबाबदाऱ्या वाटून घेतल्या होत्या: रोजचे संचालन आणि कर्मचारी रशियाने बघायचे, विमानाची प्रकृती बर्म्युडाने. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर निर्बंध आले, सुटे भाग आणि तपासणीच्या वाटा बंद झाल्या. 12 मार्च 2022 रोजी बर्म्युडाने जाहीर केले की ही विमाने उड्डाणयोग्य आहेत असे खात्रीने सांगणे आता आपल्याला शक्य नाही, आणि सगळ्यांची प्रमाणपत्रे एकदम स्थगित केली. नोंदणी शुल्क हे त्या छोट्या बेटाचे मोठे उत्पन्न, त्यावर त्यांनी पाणी सोडले. रशियाने विमाने स्वतःच्या नोंदवहीत घेऊन उडवणे चालू ठेवले, तो भाग निराळा. पण ‘जे मी पाहू शकत नाही त्यावर माझी सही राहणार नाही’ ही भूमिका मला कोणत्याही देशाच्या नियामकाकडून हवी आहे.

आता घरच्या प्रश्नाकडे येतो. आपले नवे नियम काही एका रात्रीत आकाशातून पडलेले नव्हते. दिल्ली उच्च न्यायालयात वैमानिकांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा ते दोन टप्प्यांत लागू झाले: 1 जुलै आणि 1 नोव्हेंबर 2025. साप्ताहिक विश्रांती 36 ऐवजी 48 तास, रात्रीची लँडिंग सहाऐवजी दोन. कंपन्यांना तारखा आधीपासून माहीत होत्या. ज्यांनी पुरेशी माणसे नेमली नाहीत त्यांची सेवा कोसळली, आणि मग 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत रात्रीच्या नियमांतून सूट मिळाली ती त्याच कंपनीला. तयारी करून नियम पाळणाऱ्या बाकीच्या कंपन्यांनी यातून काय बोध घ्यावा? सेंट हेलेनाला विमान तयार नव्हते तर प्रवासी कमी घेतले, सेवा उशिरा सुरू केली. इथे माणसे कमी होती तर उड्डाणे आधीच कमी करायला लावायची होती, हिवाळी वेळापत्रक मंजूर करतानाच.

भाड्याच्या विमानांबाबतही एक मागणी आहे. परदेशी नोंदणीची विमाने परदेशी वैमानिकांसह भारतातून उडतात, मुंबई-इस्तंबूल मार्गावर हे आपण पाहिले. कायद्याने त्याला मुभा आहे आणि त्यात गैर काही नाही. पण त्या कॉकपिटमधल्या माणसांच्या विश्रांतीवर कोणत्या देशाचा नियम चालतो आणि विमानाची तपासणी कोणाची, हे तिकीट काढतानाच मराठी, हिंदी, इंग्रजीत स्पष्ट लिहिलेले असावे.

डीजीसीएने दिलेली प्रत्येक सूट तिचे कारण, मुदत आणि तिच्या बदल्यात घातलेल्या अटींसह त्याच दिवशी संकेतस्थळावर यावी. मुदत संपली की त्या काळात किती वैमानिकांनी थकव्याची तक्रार नोंदवली आणि तिचे पुढे काय झाले, हेही प्रसिद्ध व्हावे. आपल्या दैनिकाने माहिती अधिकारात हे आकडे मागवून छापले तर फार बरे होईल. अर्जाचा मसुदा मी तयार करून देईन.

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता, डोंबिवली