सगळ्या परीक्षा द्या, पण अभ्यास कधी करायचा?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला प्रवेश परीक्षांवरचा लेख वाचला आणि राग आला म्हणून लिहितेय. लेखक म्हणतात मेडिकलची नीट, आयआयटीवाली जेईई, राज्याची सीईटी, सगळ्यांचे फॉर्म भरून ठेवा. अहो, फॉर्म काय, फी भरली की झाला, पण सतरा वर्षांच्या पोराने बोर्डाचा अभ्यास सांभाळून या तीन परीक्षांची तयारी करायची कधी?

माझ्या मुलीला फिशरीजला जायचंय. घरचा धंदा मासेमारीचा, तिला त्यातच शिकायचंय, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात. त्याला लागते राज्याची सीईटी, पीसीबी ग्रुप, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. हे आम्ही क्लासमध्ये पहिल्याच दिवशी सांगितलेलं. तर सर म्हणाले, नीटचं करा, सीईटी त्यातच येते. आणि मग दोन वर्षं फक्त नीट, ओएमआर शीटवर गोल काळे करायचे आणि चुकलं की एक मार्क जातो म्हणून खात्री नसेल तो प्रश्न सोडून द्यायचा.

परवा तिने घरी सीईटीचा सराव पेपर सोडवला. मी तपासायला घेतला तर फिजिक्सचे कितीतरी प्रश्न कोरे, दोन-दोन पर्यायांवर पेन्सिलीने बारीक टिंब केलेली आणि उत्तर काहीच नाही. विचारलं तर म्हणते, "खात्री नाय म्हणान सोडलंय." सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाहीच ओ! २०० प्रश्न, २०० मार्क, त्यात बायोलॉजीचेच १००, पेपर कॉम्प्युटरवर, आणि अकरावीवर साधारण २० टक्के, बाकी सगळं बारावीवर. दोन्ही पेपर सोडवायची पद्धतच वेगळी. दोन पर्यायांत अडकलीस तर एक ठोकून दे, एवढं सुद्धा तिला कोणी सांगितलं नाही. हजारो रुपये फी घेऊन!

मुलाला काय शिकायचंय ते आधी विचारा ना, मग परीक्षा ठरवा. डॉक्टर व्हायचं असेल तर नीटला पर्याय नाही, आयआयटी-एनआयटी हवी तर जेईई द्या, कोण नको म्हणतंय. पण आमच्याकडच्या कितीतरी मुलांना दापोलीला अ‍ॅग्रीकल्चर नाहीतर लोणेऱ्याला इंजिनीअरिंग हवं असतं, ते सीईटीवर मिळतं. २०२५ ला बारावीत कोकण विभाग ९६.७४ टक्क्यांनी राज्यात पहिला आला, म्हणजे आमची मुलं अभ्यासात कमी नाहीत, त्यांना व्यवस्थित सांगणारं माणूस मिळत नाही.

आणि तुमची म्हणे कोकण आवृत्ती! अख्ख्या लेखात पुणे-मुंबईची कॉलेजं, दापोली, शिरगाव, लोणेरे यांचं नाव सुद्धा नाही. लेखाच्या खाली मात्र क्लासची अर्धं पान जाहिरात, सगळ्या परीक्षांची तयारी एकाच छताखाली. वाचणाऱ्याने काय समजायचं?

कृपया पुढच्या पुरवणीत सीईटीवर वेगळा लेख द्या, आणि तो क्लासवाल्याकडून लिहून घेऊ नका.

एक आई, मालवण