विद्यार्थ्यांच्या शिध्याचा हिशेब

संपादक महोदय,

शिक्षणासाठी घराबाहेर पडलेल्या मुलामुलींना काटकसरीचा उपदेश सगळेच करतात. पण खोलीतल्या एका फळीवर महिन्याचा शिधा कसा भरावा, हे त्यांना फारसे कोणी सांगत नाही.

मी शिकत होतो तेव्हा, किलोमागे स्वस्त पडते म्हणून, पहिल्याच महिन्यात पिठाची मोठी पिशवी आणली आणि तोंड नुसते दुमडून ठेवली. दीड-दोन महिन्यांनी हात घातला, तर पिठाला जाळी धरली होती आणि कडेला अळ्या वळवळत होत्या. निम्म्याहून अधिक पीठ फेकावे लागले. संपवता न येणारा माल भावाने कितीही उतरला तरी महागच पडतो, हे मला तेव्हा कळले.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की आधी दोन आठवडे आपण खरोखर काय रांधतो ते लिहून ठेवावे, तेवढाच जिन्नस थोडा थोडा आणावा आणि खप कळल्यावरच मोठ्या पिशवीकडे वळावे. धान्याच्या जोडीला डाळी-कडधान्ये हवीतच. सुक्या डाळींच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 20 ते 25 ग्रॅम प्रथिने असतात, आणि धान्यात कमी पडणारे लायसिन हे अमिनो आम्ल त्यांतून मिळते. शिवाय शिजल्यावर त्यांचे वजन दुपटीहून अधिक भरते. परीक्षेच्या दिवसांत न भिजवता लवकर शिजणारी मसुराची डाळ फार उपयोगी पडते. राजमा मात्र रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान 10 मिनिटे खळखळून उकळावा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवावा, कारण अर्धकच्च्या राजम्यातील लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनामुळे उलट्या-जुलाब होतात. हातसडीचा तांदूळ पौष्टिक खरा, पण कोंड्यातील तेलामुळे तो पांढऱ्या तांदळापेक्षा लवकर खवट होतो, तेव्हा तो थोडाच घ्यावा. नवे सामान डब्यात जुन्यावर ओतू नये, हेही ओघाने आलेच.

यातले बरेचसे विद्यार्थी स्वतः करू शकतील. घट्ट झाकणाचे डबे आणि कोरडी, बंद फळी मात्र सामायिक स्वयंपाकघरात प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. वसतिगृहांच्या व्यवस्थापनांनी प्रवेशाच्या वेळी खाट आणि टेबलाबरोबर तेवढी सोय करून द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक