मिस्त्रीचाचांचं लेटरहेड कुठून आणू?

संपादक साहेब, नमस्कार.

मेकॅनिकलमध्ये आता काय राहिलं नाही, कॉम्प्युटरला जायला हवं होतंस, हे मला सुट्टीत घरी आलो की एसटी स्टँडपासून घरापर्यंत किमान तीन माणसं ऐकवतात. त्यावर वाद घालायला हे पत्र नाही, त्यांचं त्यांना लखलाभ. माझी तक्रार इंटर्नशिपच्या एका कागदाबद्दल आहे.

मी हर्णैचा. विद्यापीठाच्या मेकॅनिकल डिपार्टमेंटला शिकतो, आता शेवटच्या वर्षात जाईन. कुठलं विद्यापीठ ते लिहीत नाही कारण एक तर माझी एक केटी, म्हणजे नापास झालेला विषय, अजून राहिली आहे आणि दुसरं म्हणजे आमचे सर लोक वाईट नाहीत, नियमात अडकलेत. आमच्या काकांची ट्रॉलर आहे. हर्णैला होड्या थेट किनाऱ्याला लागत नाहीत, मासळी पाण्यातून बैलगाडीने वाळूवर येते आणि तिथेच लिलाव होतो, हे दापोलीला फिरायला आलेल्यांनी बघितलं असेल. तर त्या काकांच्या इंजिनाचं सगळं बघतात ते मिस्त्रीचाचा. शाळा सातवीपर्यंत, इंजिनाचा अनुभव चाळीस वर्षांच्या वर.

आता आमच्या लॅबमधली गोष्ट सांगतो. आयसी इंजिनच्या (इंधन आतच जाळणाऱ्या, पेट्रोल-डिझेलच्या इंजिनच्या) प्रॅक्टिकलला मोर्स टेस्ट नावाचा प्रकार असतो. चार सिलिंडरचं इंजिन चालू ठेवायचं, एकेक सिलिंडर बंद करत जायचं, लोड कमी करून स्पीड परत तेवढाच आणायचा आणि पॉवर किती घटली ते बघायचं, म्हणजे त्या एका सिलिंडरची आतली पॉवर निघते. टेस्ट छानच आहे. फक्त आमच्या लॅबचं इंजिन मी अ‍ॅडमिशन घेतली तेव्हापासून बंद आहे, त्यावर पांढरं कापड घातलंय, आणि आम्ही सगळ्यांनी सिनियरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवली. एकाने तर सिनियरची चूकसुद्धा तशीच उतरवली, सबमिशनच्या आदल्या रात्री दुसरं काय होणार. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या एक्स्टर्नलनी विचारलं मोर्स टेस्ट कशासाठी, मी धडाधड सांगितलं, मार्क मिळाले.

मग मे महिन्यात घरी आलो तर काकांचं रडगाणं चालू होतं, इंजिन ओढत नाही, काळा धूर टाकतंय, डिझेल पितंय. चाचा होडीवर आले, मी पण खाली इंजिनाजवळ उतरलो. त्यांनी इंजिन चालू ठेवलं आणि पाना घेऊन इंजेक्टरच्या पाइपचा एकेक नट थोडासा ढिला करायला लागले. मला म्हणाले हात लांब ठेव, ती डिझेलची धार कातडीतून आत जाते. पहिला नट ढिला केला, आवाज लगेच पडला, परत आवळला. दुसरा, तसंच. तिसरा ढिला केला आणि आवाजात काहीच फरक नाही! चाचा हसले, "हा बघ कामचोर. बाकीचे राबतायत नि हा नुसता बसून खातोय." नॉझल काढून बघितला तर टोकाला काजळी धरून बसली होती, धड फवारा उडतच नव्हता.

साहेब, ही मोर्स टेस्टच होती! फॉर्म्युला नाही, ताकद मोजायचा डायनॅमोमीटर नाही, कान आणि एक पाना. व्हायवाला मी जे धडाधड बोललो होतो ते मला त्या दिवशी, त्या कुबट वासात, घामाने भिजलेला असताना पहिल्यांदा कळलं.

पुढे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे ६१ दिवस. या काळात आमच्याकडे होड्या वर ओढून शाकारतात, आणि किनाऱ्यावर जिथे बघाल तिथे कुणाचं हेड उतरवलेलं, कुणाचा गिअरबॉक्स उघडलेला, कुणाचा पंखा (होडी ढकलणारा, पाण्यातला) काढून घासायला घेतलेला. हर्णै, मिरकरवाडा, मालवण, सगळीकडे हेच. कुठल्या कॉलेजकडे एवढी उघडी इंजिनं एका वेळी असतात सांगा. मी ते दोन महिने चाचांच्या हाताखाली काढले, पैसे वगैरे काही नाही, दुपारचं जेवण त्यांच्याकडे. बरीचशी इंजिनं ट्रकवालीच असतात, मरीन करून घेतलेली, म्हणजे पुढचा रेडिएटर जाऊन हीट एक्स्चेंजर येतो, एका बाजूने इंजिनाचं गोडं पाणी फिरतं आणि दुसऱ्या बाजूने समुद्राचं, ते त्याला गार करतं. खारं पाणी थेट इंजिनात का फिरवत नाहीत हे मला माहीत होतं, पण त्या नळ्यांत आत बसलेला पांढरा दगडासारखा थर सळईने खरवडून काढल्यावर हीट ट्रान्स्फरमधला फाउलिंग फॅक्टर (थर साचून उष्णता किती अडते तो आकडा) म्हणजे काय ते हाताला कळलं. हाताला फोड आले ते वेगळं.

सगळ्यात भारी गोष्ट झाली ती होडी परत पाण्यात गेल्यावर. इंजिनाचा गिअरबॉक्स आणि पंख्याचा शाफ्ट जिथे जोडतात तिथे कपलिंग असतं, दोन्ही चकत्या एकमेकींना बरोबर समोरासमोर यायला हव्यात, नाहीतर शाफ्ट थरथरतो आणि बेअरिंग खातो. वाळूवर असताना आम्ही फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा) घालून चारी बाजूंनी गॅप बघितली होती, एकदम बरोबर होती, मीच बघितली होती. होडी पाण्यात तरंगायला लागली, दोनेक दिवस गेले, आणि चाचा परत पाने घेऊन हजर, म्हणाले कपलिंग सोड. मी म्हटलं चाचा झालंय की ते. तरी सोडलं, गेज घातला तर वरच्या बाजूला जाडी पात सहज आत गेली! चाचा एवढंच म्हणाले, "होडी जमिनीवर एक असते नि पाण्यात दुसरी."

रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात उजेड पडला. वाळूवर होडी दोन-तीन ओंडक्यांवर टेकलेली असते, पाण्यात तिला सगळीकडून उचललं जातं, म्हणजे बीम (टेकूंवरची तुळई) तोच पण सपोर्ट बदलले, मग वाक बदलणारच. बीमवर कुठे किती जोर नि वाक येतो त्या शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या मी किती काढल्या असतील त्याची गणती नाही, त्या बीमवर कधी कुणी बसलेलं मी बघितलं नव्हतं. इथे काका बसले होते, विडी ओढत.

चाचांचं सगळंच बरोबर असतं असं नाही. आणि माझं पुस्तकही दर वेळी कामाला येतं असं नाही. काकांना मी सांगितलं की होडीला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या पटीत वाढते, म्हणजे वेग १० टक्के कमी केलात तर ताकद २७ टक्के कमी लागेल, प्रवासाला वेळ थोडा जास्त लागला तरी डिझेल चांगलं वाचेल. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले लिलावाला उशिरा पोचलो तर भाव पडतो त्याचा घन काढ. गप्प बसलो.

आता तो कागद. आम्हाला इंटर्नशिप कंपल्सरी आहे, क्रेडिट आहेत, आणि ते बरोबरच आहे. मी ६१ दिवसांची रोजची वही लिहिली होती, मोजमापं, स्केचेस, फोटो सगळं, ते घेऊन गेलो. कोऑर्डिनेटर सरांनी चाळलं, म्हणाले छान आहे, लेटरहेड कुठंय? कंपनीचं नाव, जीएसटी नंबर, एचआरची सही, शिक्का. मी म्हटलं सर मिस्त्री आहेत, किनाऱ्यावर काम करतात, त्यांचं लेटरहेड कुठून आणू. सर म्हणाले हे गॅरेजकाम झालं, इंडस्ट्री नाही. माझ्याच बेंचवरच्या मित्राने पैसे भरून घरी बसून ऑनलाइन सर्टिफिकेट आणलं, रंगीत, क्यूआर कोडवालं, त्याचं पास झालं. त्याचा राग नाही मला, त्याने मला वडापाव दिला. पण त्याने त्या दोन महिन्यांत एक बोल्ट फिरवला नाही.

बरं नियम बदलता येत नाहीत असंही नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठांवरच्या केंद्राच्या आयोगाने, २०२२ मध्ये प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस, म्हणजे प्रत्यक्ष कामातून आलेले प्राध्यापक, आणले, त्यात डिग्रीची अट नाही, अनुभव किमान १५ वर्षांचा हवा. चाचांना कुणी प्रोफेसर करा म्हणत नाही मी, ते स्वतःच पळून जातील. पण अनुभवाला किंमत द्यायची हे वर मान्य असेल तर खाली लेटरहेडवर का अडतं? आणि शिक्काच पाहिजे असेल तर गावोगावी मच्छीमार सहकारी सोसायट्या आहेत, डिझेलवरच्या कराच्या परताव्याचे कागद त्यांच्यातूनच जातात, रजिस्टर्ड आहेत, शिक्का आहे, चेअरमनची सही आहे. सोसायटीने पत्र द्यावं, पोराने रोजची वही लिहावी, डिपार्टमेंटच्या एखाद्या सरांनी जुलैत एक दिवस येऊन बघून जावं (मासे खाऊनच पाठवू), आणि शेवटी उघड्या इंजिनाशेजारी उभं करून व्हायवा घ्यावी. खोटं बोलणारा दोन मिनिटांत पकडला जाईल, पीडीएफमध्ये नाही पकडला जात.

याची गरज फक्त आम्हालाच आहे असं नका समजू. आता कॉमन रेलची (सगळ्या सिलिंडरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी, कॉम्प्युटरवर चालणारी) इंजिनं येतायत, त्यांच्यात पाइपमधला दाब हजार बारच्याही पुढे जातो, तिथे चाचांची नट ढिला करायची ट्रिक चालणार नाही, जिवावर बेतेल. तिथे सिलिंडर बंद करून बघायचा तर इंजिनाचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर लावून, लॅपटॉपवरून. मागच्या सीझनला एक असं इंजिन आलं तर चाचांनी बॉनेटसारखं झाकण उघडलं, बघितलं, आणि परत लावलं. काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी जेवले पण नाहीत नीट. संध्याकाळी मला हळूच विचारलं, तुमच्या कॉलेजात हे शिकवतात का रे. मी हो म्हटलं. आमच्याकडे स्कॅनर आहे, कपाटात आहे, किल्ली लॅब असिस्टंटकडे असते.

यंदाही १ जूनला होड्या वर येतील. आमचा इंटर्नशिपचा फॉर्म त्याआधी भरायचा आहे, त्यात कंपनीचं नाव लिहायचा रकाना आहे. मी तिथे चाचांचं नाव लिहिलंय, सध्या पेन्सिलीने.

- मेकॅनिकलचा एक विद्यार्थी, हर्णै, ता. दापोली